बावीस नंबर

ब्रनोला नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
दुसऱ्या वर्षाला माझं काम : उभं राहणं.
नटी येते सातला. तोवर तिच्या जागी मी,
रंगमंचावरच्या पिवळ्या चिकटपट्टीला टाचा जुळवून.

वर शिडीवर लुबोमीर. भाजलेले हातमोजे, दातांत पाना.
"हनुवटी वर. अजून. रडल्यासारखी बघ."
नाकाला खाज सुटते, हलत नाही.
बावीस नंबरचा दिवा गालावर येतो,
एकच कान तापतो, चुलीकडे बसल्यासारखा.
"झालं," तो म्हणतो,
आणि मला विझवतो.

बाबा ओस्त्राव्याहून, पोलादाची पाळी संपवून, फोन करतात :
तिथं काय उजेड पाडतेस?
मी म्हणते, बावीस नंबरचा.
ते हसत नाहीत.
जेवलीस का, विचारतात.

पहिल्या प्रयोगाला नटी हातभर अलीकडेच थांबली.
तिचं सगळं रडणं काळोखात गेलं.
आणि पट्टीवर, जिथं कुणीच नव्हतं,
माझ्या उंचीचा उजेड उभा होता
हनुवटी वर करून.

श्काचेलोवाबाई कानातल्या यंत्रात ओरडत होत्या :
पुढचा क्यू, मुली, पुढचा!
दिला.
एक श्वास उशिरा.