मानेपासून खाली

रात्री अकरानंतर ती जागी होते,
बोटांच्या बेचक्यांत, बेंबीभोवती,
मनगटावर, जिथे बांगडी टेकते.
सातपूरच्या थंडीत गोधडी फेकून
मी फरशीला पाठ घासायची.

कडुनिंबाचा पाला झाला, खोबरेल-कापूर झाला,
वांगं सोडलं, सुकट सोडली.
मेडिकलवाल्याची ट्यूब संपली, मग दुसरी.
सासूबाई म्हणाल्या, रक्त तापलंय.

डॉक्टर पगारबाईंनी भिंगातून बोटं पाहिली.
खरूज आहे. लाजायचं काय त्यात?
मानेपासून खाली, तळव्यापर्यंत,
घरातल्या सगळ्यांनी, एकाच रात्री.
घरात किती जण?

चौघं, म्हणाले.
मग थांबले.
भिंतीपलीकडचे तीन धरू की नको?
चुली वेगळ्या झाल्या नागपंचमीला;
पोरं मात्र अजून एकाच गोधडीत कार्टून बघतात.

शनिवारी कुंदाचं दार वाजवलं.
ती उंबऱ्यातच उभी, कोपर खाजवत.
मी तिच्या हाताकडे पाहिलं, तिनं माझ्या.
तीच आधी हसली.

दोघे भाऊ लोशन चोपडून रात्रपाळीला गेले.
पोरं चड्डीवर, ओळीने, कुडकुडत.
माझी पाठ राहिली होती.
कुंदाचा हात गार, लोशन त्याहून गार.
खांद्यांच्या मधोमध,
जिथे माझा हात कधी पोचलाच नाही,
तिथे ती जरा जास्तच वेळ थांबली.

सकाळी सगळ्या चादरी तिच्याच हंड्यात उकळल्या.

किडा मेला तरी
दोन-तीन आठवडे खाज राहते, बाई म्हणाल्या होत्या.
घाबरायचं नाही.

पुढच्या शनिवारी परत लावू, कुंदा म्हणाली.
सिलिंडरच्या पैशांचं
तिनंही काढलं नाही.