कोण निघालंय

ट्रॉफी हेडसरांच्या कपाटात आहे,
गुंडाळलेल्या नकाशांशेजारी.
खाली माझं नाव, आडनावासकट,
आणि ‘बंजारा नृत्य, प्रथम’.
पितळी पट्टीवर जागा पुरली नाही
म्हणून ‘बंजारा’ जरा दाबून बसवलाय.

दिवाळीच्या सुट्टीत मी तांड्यावर गेले होते.
हामलीबाई बाजेवर मेथी निवडत होती.
रविना आडेच्या बापाची आत्या.
म्हटलं, एक ढावलो म्हणा ना, मोबाइलमध्ये घेते.
ती म्हणाली, म्हणायचा नसतोय त्यो, बाई. रडायचा असतोय.
कुणी निघाल्याबिगर कसं रडू?
म्हटलं, थोडंसंच.

मग तिनं मेथी बाजूला सारली,
रविनाला पुढ्यात ओढून गळ्यात हात टाकले.
पोरगी लाजून हसत होती.
मग हसायची थांबली.
माझ्या फोनवर लाल टिंब उघडझाप करत होतं,
चार मिनिटं अकरा सेकंद.
एक शब्द कळला नाही.
चाल चांगली आहे, एवढं कळलं.

शंभराच्या दोन नोटा काढल्या.
कशाच्या, तिनं विचारलं.
उत्तर सुचेना, तेव्हा रविनाच्या मुठीत कोंबल्या.

चाल चांगली होती, पण संथ.
जिंतूरला लतीफच्या दुकानात तिच्याखाली ढोल घातला,
वेग वाढवला, तसा हामलीबाईचा आवाज
बारीक होत होत लहान मुलीचा झाला.
मॅडम, आता नाचता येईल, लतीफ म्हणाला.
घागरे सेलूहून भाड्यानं आणले,
आरसे टाचलेले नाहीत, चिकटवलेले.
सहावीच्या पोरींच्या दंडांत चुडे भरले.
ते लग्न झालेलीनं भरायचे, हे मला नंतर कळलं.

पौषात गॅदरिंग.
अख्खा तांडा कोयते घेऊन कारखान्यांवर गेलेला,
मागे म्हातारी माणसं, शेळ्या आणि शाळेतली पोरं.
म्हणजे हरकत घ्यायला कुणी नव्हतं.
हे मी ठरवून केलं नव्हतं.
हे मी बघितलंच नव्हतं.

रविना नाचात नव्हती. उंची जुळत नाही, मी म्हणाले होते.
याच रविनाला जूनमध्ये फळ्याजवळ उभं केलं होतं:
वर्गात गोरमाटी बोलायची नाही. शुद्ध बोल.

गाणं सुरू झालं
आणि मागच्या रांगेतून हामलीबाई उठली.
रागानं नाही. रागानं असती तर मला सोपं गेलं असतं.
ती इकडंतिकडं बघायला लागली,
मांडवाकडं, तहसीलदारांच्या जीपकडं, गेटकडं,
आणि शेजारच्या बाईला विचारलं,
कोण निघालंय?
कुणाची पोर निघाली?

टाळ्या पडत होत्या.

भांडले मी स्वतःशी.
की चालीला कुंपण नसतं,
आमची भुलाबाईची गाणी तरी कुणाच्या अंगणातून आली, कोण सांगणार.
की तांड्याचं काहीतरी पहिल्यांदा त्या स्टेजवर चढलं. खरंय.
की मला बक्षीस हवं होतं. तेही खरंय.
की मी विचारलं होतं.
‘म्हणा ना’ असं विचारलं होतं.
‘नेऊ का’ असं नाही.

फेब्रुवारीत पुन्हा गेले. फोन पुढं केला,
म्हटलं, तुमच्यासमोर पुसून टाकते.
पुसून काय व्हतंय, ती म्हणाली,
तालुकाभर वाजायलंय ते.
शेळीला पाला टाकला, हात झटकले.
रविनाचं लगीन व्हईल तवा या.
पडा तिच्या गळ्यात.
रडता येतंय का, बाई, तुम्हाला?

परतीच्या एसटीत, चारठाण्याच्या अलीकडं,
कुणाचा तरी फोन वाजला. हामलीबाई, वेगात.
त्या माणसानं डावा खिसा चाचपला, उजवा चाचपला,
सीटखालची पिशवी वर घेतली, डबा काढला, टॉवेल काढला.
फोन काही सापडेना.