बोटाची साक्ष

तार्तूत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
माझ्या खोलीत एक पडदा, दोन बटणं,
आणि पडद्यावर काड्यांचा एक माणूस.
धावणाऱ्याचं चित्र आलं की त्याला चित्राकडे न्यायचं,
खुर्चीचं आलं की दूर. मग सगळं उलट.
विचार करू नका, मी सांगते,
विचार नंतर, कागदावर.

कागदावर सगळेच शहाणे.
व्यायाम आवडतो? सातपैकी सात.

हार्डी, वय चोवीस. मनगटावरचं घड्याळ
त्याची झोपसुद्धा मोजतं.
त्याचं बोट सोफ्याकडे निघालं
पापणी लवायच्या आत.
तीनदा विचारलं त्यानं,
यंत्र नीट आहे ना तुमचं?

मग हिल्या काल्म, वय एक्याऐंशी,
सोबत पणतू उकू, पायाला भिंगरी.
त्यालाही खेळायचं होतं, दिलं.
काड्यांचा माणूस त्यानं सगळीकडे पळवला,
सोफ्याकडेही पळतच.
त्याच्या रकान्यात मी लिहिलं: अपूर्ण.

हिल्यानं आधी चष्मा पुसला.
मी टपाल वाटायचे, म्हणाली, पेइप्सीच्या काठानं,
उन्हाळ्यात सायकल, बर्फात स्की,
छत्तीस वर्षं.
दर घरात म्हणायचे, बस ना घटकाभर.
बसले असते तर पुढच्या घरचं पत्र
शिळं झालं असतं.

आणि तिचं बोट
खुर्ची दिसली रे दिसली की
त्या काटकुळ्याला थेट तिथं नेऊन बसवायचं.
एकदाही चुकलं नाही.
बैठेपणाकडे तीव्र ओढा, आकडे म्हणाले.
मला वाटलं,
त्या सगळ्या घरांना
कुणीतरी एकदाचं हो म्हणतंय.

कागदावर मात्र तिनंही सात लिहिले.
कोट चढवताना म्हणाली,
लिफ्ट नको, आत आरसा आहे.
तीन मजले. कठडा धरून,
एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.
उकू तेवढ्यात दोनदा खाली जाऊन आला.
मधल्या खिडकीशी तिनं पिशवी टेकवली,
स्वतः टेकली नाही.

मी दिवे मालवले, कुलूप लावलं,
काहीतरी विचार करत होते,
बहुतेक तिच्याच गुडघ्यांचा.
लिफ्टसमोर भानावर आले.
बटण पेटलेलं होतं.
मजल्यावर माझ्याशिवाय
कुणीच नव्हतं.