पावशेर

फुक्यांची मयुरी शाळा सुटल्यावर
फ्रॉकच्या ओच्यात मका घेऊन येते.
मोजायची तशी गरज नसते,
तिच्या दोन ओंजळी म्हणजे पावशेरच.
तरी मी पारड्यात टाकतो,
उगाच कुणी म्हणू नये, दुकानदार लेकरांना लुबाडतो.

मग ती मान वर करते.
दारावर माळा लोंबतात लाल, पिवळ्या, जांभळ्या.
बिनसणाचं तोरण. न सुकणारं.
"जांभळं द्या."
मी कात्रीनं एक पुडी खुडतो.
मागं वजन लिहिलंय, चष्म्याशिवाय दिसत नाही:
बारा ग्रॅम.
बाकी हवा.

पोतं भरलं की मका भोकरदनला अडतीवर जातो.
अडत्या म्हणतो, पुढं स्टार्चच्या कारखान्यात.
तिथं त्याचं पीठ होतं, पिठाचा नुसता पांढरेपणा होतो,
त्याच्या पुढचं त्यालाही ठाऊक नाही.
पण गुरुवारी एजन्सीचा छोटा हत्ती दारात उभा राहतो
आणि मला आपलं वाटतं,
कौतिकराव फुक्यांच्या वावरातलाच मका
माहेरपणाला आलाय.
अंगावर जर, तोंडाला रंग,
बोलवावं तर जिभेवर विरघळून जातो,
कुणाचा कोण, सांगत नाही.

माझी थोरली सिल्लोडला बी.एस्सी. करते.
सुट्टीत आली, गल्ल्यावर बसली,
आणि पुडीची पाठ मोठ्यानं वाचू लागली,
माल्टोडेक्स्ट्रिन, पामोलिन, आम्लता नियामक,
चव वाढवणारं सहाशे एकतीस.
"यातलं आपल्या चुलीपाशी काय काय आहे, बाबा?"
म्हटलं, "सहाशे एकतीस खताच्या दुकानात विचार."
मी हसलो.
गिऱ्हाईकही हसलं.
ती नाही.

पोळ्याच्या मागच्या आठवड्यात शाळेत तपासणी झाली.
खुर्च्या माझ्याकडच्या नेल्या, त्यांच्या मागं मीही गेलो.
नसरीन सिस्टरनं मयुरीची पापणी खाली ओढली,
बोटातून थेंब घेतला.
रक्त आठ.
"काय काय खातेस गं दिवसभर?"
"सकाळी पिवळं. मधल्या सुट्टीत जांभळं."
"आणि भाकर?"
"भाकर आजोबा खातेत."
सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं नाही,
वहीत लिहीत राहिली.
खूप वेळ लिहीत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी तिचाच पावशेर
खापरावर भाजला, वरून मीठ शिंपडलं.
गरम गरम कागदात बांधून दिला.
"पैसे नाहीत याचे."
तिनं चार दाणे चावले,
गालावर हात धरला.
"दाढ ठणकते, काका.
आणि याला टर्रकन फाडता येत नाही."
ओचा झटकून उभीच राहिली.
पाय हलवत, वर बघत.
मी कात्री शोधायला जरा वेळ लावला.
कात्री समोरच होती.

हो, दिली.
तूरडाळ, तेल, साखर, सगळं वहीवर जातं,
सुगीपर्यंत नुसते आकडे.
नगद येतं ते एवढ्या तोरणातून.
हे कारण आहे, उत्तर नाही,
हे मलाही कळतं.

दिवाळीनंतर माझीही शुगर निघाली.
डॉक्टर म्हणाले, खारी बंद, टोस्ट बंद,
क्रीमची बिस्किटं तर हातातही धरू नका.
दुकान बंद करा, असं म्हणाले नाहीत.
त्यांच्या टेबलावर चहासोबत बशी होती.
मी बशीकडं पाहिलं, त्यांनीही पाहिलं,
आणि आम्ही पाऊसपाण्याचं बोललो.

काल रात्री लाइट गेली.
अंधारात चाचपडत गोळ्यांची पट्टी काढली,
चकचकीत कागद अंगठ्यानं दाबला.
चर्रर्र.
आतल्या खोलीतून बायको म्हणाली,
"एकटेच काय खाताय?"