खो

पार्कच्या मैदानावर गुंडेटी खांबापाशी सूर मारायचा
तेव्हा कोपराची साल मातीत राहायची.
बाविसाव्या वर्षी गुडघा गेला.
मग टॉवेलच्या कारखान्यात मोजणीला,
डझनाचे गठ्ठे,
आणि मी पलीकडच्या मागावर.

नाटकात कसा शिरला म्हणाल तर
कामगारांच्या स्पर्धेत एक प्रेत हवं होतं,
पाऊण तास न हलणारं.
नाकावर माशी बसली तरी हा हलला नाही.
बक्षीस मिळालं. नाटकाला.

पुढं हवालदार, नवरीचा मुका मामा,
तलाठी, पुन्हा हवालदार.
त्याची आई पुढच्या रांगेत बसून
लेकाची वाक्यं बोटांवर मोजायची.
"मूडे," म्हणायची रिक्षात बसताना,
तीनच रे.

काल हुतात्मा मंदिरात मी पडदा ओढायला होतो.
विंगेत हा उकिडवा बसलेला, साठीचा,
दुखरा गुडघा जरा बाहेर,
बोटं जमिनीला टेकलेली,
तोंड उजेडाच्या उलट दिशेला.
खुर्ची आणू का, विचारलं.
मानेनंच नको म्हणाला.
तिकडं नायक रडत होता, सावकाश,
टाळी येईपर्यंत.

एक पान उरलं. अर्धं. चार ओळी.
मी त्याच्या पाठीवर पंजा टेकवला
आणि इतक्या वर्षांनी
न ठरवता तोंडातून निघून गेलं,
हळूच, तेच एक अक्षर.

उठताना गुडघा वाजला.
पण पाऊल बरोबर पडलं.
उजेडात जाऊन म्हणाला,
"साहेब, गाडी आलीय."