ओष्ठ्य

डबा उघडला की आधी कापराचा वास येतो.
तोरिनोतल्या या जुन्या बर्फाच्या कोठारात
आम्ही सिगरेटी दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवून येतो,
कारण ही फिल्म जळतेही कापरासारखीच,
मागे राख ठेवायची तसदी घेत नाही.

डेल्फिना गिबाउदो, वय एकाहत्तर, जन्मापासून बहिरी.
तिला तासाच्या हिशोबाने बोलावलंय,
ओठ वाचायला.

रीळ दोनशे सहा. सन एकोणीसशे सतरा.
पाटी म्हणते : मातृभूमीला पंख शिवून देणाऱ्या कन्या.
मग लांबच लांब शेड
आणि विमानांच्या सांगाड्यांवर वाकलेल्या साठ-सत्तर बायका,
गादीला टाके घालाव्यात तशा.
धावदोरा नाही, दुहेरी टीप, दर चौथ्या टाक्याला गाठ;
एक धागा तुटला तरी
चार हजार फुटांवर अख्खं कापड उसवू नये.

कॅमेरा जवळ येतो तशा त्या हसतात.
कुणीतरी हसायला सांगितलंय
हे कळायला ओठ वाचावे लागत नाहीत.

मी हाताने चाक फिरवतो, सावकाश.
डेल्फिना काचेवर वाकते, वहीत लिहू लागते :

डावीकडून दुसरी – कात्री कुणी ढापली?
तिच्यामागची – पायांचं लाकूड झालंय थंडीने.
चष्मेवाली – मान खाली घाल, मुकादम आलाय.
रुमाल बांधलेली, अगदी पोरसवदा –
इथे पेन्सिल थांबते. डेल्फिना खुदकन हसते
आणि समासात विचारते,
शिवी जशीच्या तशी लिहू?
सरकारी कागद आहे, मी लिहितो.
मग खोडतो, आणि लिहितो : लिही.

शेवटच्या टेबलाशी एक थोराड बाई.
ती हसत नाही.
उजवा हात वर करते –
बोटांवर लेपाचा थर, कापड ताणून धरतो तो,
वाळून पांढरा पडलेला, सालपटं निघालेली –
आणि सरळ आपल्याकडे बघून काही म्हणते.
एकच शब्द.

पुन्हा, डेल्फिना खूण करते.
मी मागे घेतो. कडेची छिद्रं कुरकुरतात.
पुन्हा.
यापुढे फिल्म तुटेल, मी सांगतो.

तेव्हा ती मला शाळेत बसवते.
प, ब, म : तिघंही मिटल्या ओठांतून जन्मतात.
फरक असतो तो गळ्यात, नाकात,
आणि तिथलं काही दिसत नाही.
इकडच्या बोलीत पाङ् म्हणजे भाकरी.
माङ् म्हणजे हात.

हात दाखवते आहे, तर हातच म्हणाली असेल, मी लिहितो.
भाकरी मागणारा काय दाखवतो? ती लिहिते.

पुढे अजून दोनशे फूट आहे रीळ.
गवताळ धावपट्टी, टोप्या उडवणारे शिपाई,
तेच पंख, आता त्यांच्यावर रंगीत वर्तुळं
(रंगीत असावीत; आम्हाला करडी दिसतात).
मागच्या बैठकीतला तरुण मांडीवरचा बाँब उचलतो
दोन्ही हातांनी, जड कलिंगड उचलावं तसा,
आणि कडेवरून सोडून देतो.
खाली शेतं. एक वळणाचा रस्ता. एक पांढरा फुगोटा, मग आणखी एक.
डेल्फिनाने पेन्सिल कानामागे खोचली आहे.
एवढ्या उंचीवरून ओठ दिसत नाहीत.

कार्डावर मी दोन्ही शब्द घातले,
दोघांपुढे प्रश्नचिन्ह.
वरिष्ठ म्हणतील, एक काहीतरी ठरवा.

तिने तीन तासांचे पैसे मोजून घेतले,
हातमोजे घातले, स्कार्फ गुंडाळला.
बाहेर अंधार होता, म्हणून खिडकीचा आरसा झालेला.
त्यापुढे ती क्षणभर उभी राहिली
आणि आवाज न करता
तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

दोन्ही वेळा सारखाच दिसला.
मला तरी.