एकाले बारा

जोतं उंच ठेवजो, कवडू, म्हणत सारेच.
जोतं जेवढं उंच तेवढी घराची इज्जत.
चाळीस वर्षं मी लोकाईची इज्जत
इटा-रेतीनं वर उचलत राह्यलो.
तीन पायऱ्या, पाच पायऱ्या,
पोलीस पाटलाच्या घराले सात.
कोण चढन, कोण खालीच उभं राहीन,
हे नकाशात नसते.

ग्रामपंचायतीचं नवं हापिस बांधलं
तवा इंजिनेर म्हणे, एक रॅम्प पाहिजे,
फोटोत दिसला म्हंजे झालं.
जागा देली चार हात.
चार हातात म्या दोन हात उंची बसवली.
फोटो निघाला. बिल निघालं.

उन्हात बकऱ्या बसायच्या त्याच्यावर,
लेकरं बुडाखाली पोतं घेऊन घसरायची,
शेवंताबाईनं एक डाव मिरच्या वाळू घातल्या.
कामाचा होता रॅम्प.
फक्त त्याच एका कामाचा नव्हता.

मंग सिंधू नेवारे आली तीनचाकी घेऊन,
हातानं पायडल मारत,
मांडीवर कागदाची थैली.
अर्ध्यावर चढली. तिथं चाक थांबलं.
बोराच्या झाडावर अडकलेल्या पतंगासारखी
घडीभर तशीच,
अन् मंग उलटी, थेट निंबाच्या बुडाशी.
कोणी धावलं. कोणी हासलं.
मी समोरच्या पारावर बिडी पेटवत होतो,
काडी बोटाले लागेलोक समजलं नाई.

तिनं मले शिवी नाई देली.
थैलीतले कागद मोजले, पुन्हा भरले,
म्हणे, "कवडूभाऊ, पाण्याची नळी हाये का तुह्यापाशी?"

नळी म्हंजे आमची लेव्हल.
दोन्ही टोकाईत पाणी सारखंच उभं राह्यते,
पाण्याले कोणाचं जोतं समजत नाई.
एक टोक तिनं धरलं, बसल्या बसल्या,
एक म्या, दरवाज्यापाशी.
"आता मोज. एकाले बारा.
एक हात चढाले बारा हात वाट.
जिल्ह्याच्या दवाखान्यात तसा हाये,
मी टेप लावून आली."

दोन हाताले चोवीस हात!
चोवीस हातात तं झेंड्याचा खांब येते,
निंब येते, सरपंचीणबाईची गाडी येते.

"मंग वळव ना. बैलगाडीची वाट
टेकडीवर सरळ चढते काय?"

आता काय सांगू.
ते टेकडीची वाट माह्याच आज्यानं पाडली होती,
दोन वळणं घेऊन,
बैलाची छाती फुटू नये म्हणून.

गाडी हलवाले पाच मिनिटं लागली.
गाडी हलवाच्या ठरावाले तीन महिने.
मंग निंबाले वळसा घातला,
वळणावर सपाट जागा सोडली दम खायले,
कठडा दोन उंचीवर लावला,
एक उभ्याले, एक बसल्याले.
घोटून गुळगुळीत करत होतो, सवयीनं,
तं सिंधू वरडली, "पावसात काय करू मी?"
मंग ओल्या सिमेंटावर खराटा ओढला, आडव्या रेघा.
साऱ्या जन्मात माहं फिनिशिंग कोणी बिघडवाले लावलं नव्हतं.

पंधरा दिवस पाणी मारलं.
सोळाव्या दिवशी ती चढली.
वळणावर थांबली नाई,
म्या सोडलेली जागा वायाच गेली वाटलं.
पोचली दरवाज्यापाशी.
चौकट दोन बोटं अरुंद.

ह्या बारीले हासली ते तीच.

आतून बाबू म्हणे, "राहू द्या ताई,
शिक्का मी बाहेर आणतो."
दरवर्षी बाहेरच आणत होता. मनानं वाईट नाई माणूस.
"शिक्का राहू द्या टेबलावरच," म्हणे ती.
"मले येऊ द्या."

चौकट सागाची. भिंत माहीच.
छन्नी घरी होती, आणाले पोट्टं धाडलं.
दुपारभर लागली.
तवर ती खाली वळणावर बसून राह्यली,
सपाट जागेत, निंबाच्या सावलीत,
थैली मांडीवर घेऊन.